विश्लेषण : गाडी फोर बाय फोर, पण वाट कुणाची? सह्याद्रीत ऑफ-रोड सहल आखताना…

पहिले दोन-तीन पाऊस झाले की मोबाइलवर एकसारख्या रील्स येऊ लागतात. लाल चिखल, धुकं, गरगर फिरणारी चाकं आणि मागे ढोलकीचा ठेका. पाठोपाठ मित्रांच्या ग्रुपवर नकाशातलं एक ठिकाण येऊन पडतं, ‘रविवारी इथे जाऊ या.’ थार, जिमनी, गुरखा अशा गाड्या आता शहरी सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये सहज दिसतात. त्यामुळे हा बेत पूर्वीसारखा मोजक्या हौशी मंडळींपुरता राहिलेला नाही. बहुतेकांचं नियोजन टायर, दोर आणि जादा दिवे यांच्या खरेदीपासून सुरू होतं. ते खरं तर एका साध्या प्रश्नापासून सुरू व्हायला हवं : ही वाट आहे कुणाची?

नकाशावर दिसते, म्हणजे जाता येते?

नाही. उपग्रहाच्या चित्रात दिसणारी तांबडी रेघ ही वन विभागाची गस्तीची वाट असू शकते, धरणाच्या कामासाठी काढलेला रस्ता असू शकतो, कुणाची मालकी जमीन किंवा शेतात जाणारी पाणंद असू शकते. ॲप यात फरक करत नाही, कायदा करतो. राखीव वनात विनापरवानगी घुसणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार गुन्हा आहे. अभयारण्यात कुणाला प्रवेश आहे, हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ मध्ये दिलं आहे. अभयारण्यातून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यावरून तुम्ही प्रवास करू शकता. पण तो रस्ता सोडून गाडी झाडीत वळवली की परवाना लागतो. तो नसेल तर दंडावर भागेलच असं नाही, गाडीही जप्त होऊ शकते.

सह्याद्रीत हा प्रश्न पावलोपावली येतो. भीमाशंकर, कोयना, चांदोली, राधानगरी ही सगळी संरक्षित क्षेत्रं आहेत. कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. गव्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या राधानगरी-दाजीपूरच्या जंगलाला १९५८ पासून संरक्षण आहे. तिथे जंगलातल्या कच्च्या वाटेवर फिरायची हौस असेल तर सफारीची ठरलेली सोय आहे. स्वतःची गाडी पुढे दामटण्यापेक्षा ती परवडते, आणि गवा कुठे दिसेल हे स्थानिक चालकाला तुमच्या जीपीएसपेक्षा जास्त ठाऊक असतं.

इतर ठिकाणी जाण्याआधी त्या भागातल्या वनपरिक्षेत्र कार्यालयात आठवडाभर आधी विचारावं आणि परवानगी कागदावर घ्यावी. नाक्यावरच्या कुणीतरी ‘जावा की, काय होत नाही’ म्हटलं, ही परवानगी नव्हे.

फोर बाय फोर नेमकं काय करतं?

इथे थोडं इंजिनीअरिंग. फोर-लो टाकलं की ट्रान्सफर केसमधले गिअर चाकांवरचा जोर साधारण दुप्पट ते अडीचपट करतात आणि वेग तेवढाच कमी होतो. म्हणून गाडी दगडांवरून मुंगीच्या गतीने चढते. उतारावर त्याचा उपयोग आणखी मोठा आहे. लो रेंजमध्ये पहिला गिअर टाकून, क्लचला पाय न लावता उतरलं की इंजिनच गाडी आवरून धरतं. ओल्या लाल मातीवर जोरात ब्रेक मारला तर चाकं थांबतात, गाडी मात्र घसरत राहते. चढ उतरताना काय करायचं हे ठाऊक नसेल तर तो चढूच नये.

टायरमधली हवाही थोडी कमी करावी लागते. रस्त्यावर ३० पीएसआयच्या आसपास असेल तर कच्च्या वाटेवर २० ते २५ पर्यंत. त्याने टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांबतो आणि पकड वाढते. डांबरी रस्त्यावर परतण्याआधी हवा भरावी लागते, म्हणून छोटा पंप जवळ हवा. आणि एकटी गाडी कधीच न्यायची नाही. अडकलेली गाडी ओढताना दोर गाडीच्या ठरलेल्या हुकलाच लावायचा आणि ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. तुटलेला दोर माणूस मारू शकतो.

ओढा आडवा आला तर?

थारची पाण्यातून जाण्याची क्षमता कंपनी ६५० मिलिमीटर सांगते. हा आकडा वाहत्या पाण्याला लावू नये. ढोबळ हिशेब करून पाहा. १,२०० किलोची छोटी फोर बाय फोर गाडी आणि तळाचं क्षेत्रफळ पाच चौरस मीटर धरलं, तर तळाच्या वर चढणारं दर १० सेंटिमीटर पाणी तिला सुमारे ५०० किलोने वर उचलतं. तळ जमिनीपासून फूटभर उंच असेल, तर गुडघ्याच्या थोड्या वरच्या पाण्यातच गाडी तरंगायला लागेल. त्याच्या आधीच चाकांची पकड सुटते, चारही चाकं फिरत असली तरीही. जिथे चालून पलीकडे जाण्याची हिंमत होत नाही, तिथे गाडी घालू नये. इंजिनात पाणी शिरलं आणि पुन्हा स्टार्टर मारला तर आतले भाग वाकतात, आणि इंजिनसाठी वेगळं विमा-संरक्षण घेतलेलं नसेल तर हा खर्च सहसा खिशातूनच जातो.

म्हणूनच भर पावसात असे बेत आखूच नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरण परिसरात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर पुणे जिल्ह्यात पर्यटनस्थळांवर निर्बंध आले. असे आदेश दर पावसाळ्यात निघू शकतात, ते निघण्याआधी पाहावेत. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ बरा. फेब्रुवारीनंतर गवत वाळतं. गाडीखालच्या तापलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला ते चिकटलं तर वणवा लागायला वेळ लागत नाही.

आपण परतल्यावर काय उरतं?

रीलमध्ये न दिसणारा भाग हा आहे. ओल्या वाटेवर चार-पाच जड गाड्या गेल्या की दोन खोल चाकोऱ्या पडतात. पुढच्या सरीत पाणी त्यातूनच वाहतं, माती धुऊन नेतं, आणि वाटेची घळ होते. तीच वाट वर एखाद्या धनगरवाड्यावर जाते. तिथल्या बाळंतिणीला खाली आणायचं तर जीप याच वाटेने चढते, दुधाचे कॅन याच वाटेने उतरतात. आपल्याला फोर-लोमध्ये मजा देणारा चिखल त्यांना दवाखान्यापासून तोडतो. या रस्त्याची डागडुजी कोण करणार, हे कुठल्याच ग्रुपवर ठरत नाही. सड्यांवर तर नुकसान आणखी सोपं आहे. कासपठारासारख्या जांभ्या कातळावर मातीचा थर बोटभराचा असतो आणि पावसाळी फुलं त्यावरच उगवतात. तिथे चाक एकदा फिरलं तरी पुरे.

त्यामुळे वाडीत आधी विचारावं, वाट ओली असेल तर गाडी खाली ठेवून चालत जावं. माघारी फिरण्याची वेळ निघतानाच ठरवावी, दुपारी दोन म्हणजे दोन, पुढचं वळण कितीही खुणावत असलं तरी. नकाशा आधीच डाऊनलोड करावा, कारण घाटाखाली नेटवर्क जातं आणि मग ११२ देखील लागेलच असं नाही. वनसंबंधी मदतीसाठी १९२६ हा क्रमांकही जवळ असावा. आणि एका कागदावर मार्ग, गाड्यांचे क्रमांक व परतीची वेळ लिहून तो घरी ठेवावा. रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर कुठल्या पोलीस ठाण्याला कळवायचं, हेही त्यावर लिहावं.