आधी पाण्याची वाट

आमच्या भोर तालुक्यात रस्त्यासाठी अर्ज लिहायचा झाला की त्यात ‘डांबरीकरण’ हा शब्द हटकून येतो. अलीकडे ‘काँक्रिटीकरण’ही येतो. ‘गटार’ मात्र शोधून सापडत नाही; आणि सापडलेच तर ‘शक्य झाल्यास’ या दोन शब्दांचे बोट धरून शेवटच्या ओळीत लाजत उभे असते. माझे भांडण आहे ते या ‘शक्य झाल्यास’शी.

आणि हे कुठे, तर भाटघरच्या छायेत! वेळवंडी अडवून बांधलेले इथले लॉईड धरण १९२८ साली पुरे झाले. त्याआधी, एकोणिसाव्या शतकातच, इथे एक जुने धरण उभे होते. आज येसाजी कंक जलाशय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या तळ्यात सुमारे साडेतेवीस अब्ज घनफूट पाणी मावते. नीरेच्या डाव्या कालव्याने ते बारामती-इंदापुराकडे जाते, उजव्याने फलटण-माळशिरसाकडे. एवढे पाणी अडवायचे तर जादा पाण्यासाठी सांडवा आधी आखावा लागतो. धरणाला जे लागते ते गल्लीला लागत नाही, असे आम्ही कशावरून ठरवले?

रस्ता गाड्यांनी मोडतो अशी आपली समजूत. गाडी बिचारी शेवटचा घाव घालते, एवढेच. डांबराच्या चिरेतून पाणी आत उतरते, खालची माती भिजून मऊ होते, आणि मग उसाचा ट्रॅक्टर काय, दुधाची गाडी काय, कुणाच्याही चाकाखाली रस्ता बसतो. खालची जमीन कोरडी ठेवा, ती वाटेल ते ओझे पेलील, हे मॅकॅडम नावाचा स्कॉटिश गृहस्थ दोनशे वर्षांपूर्वी सांगून गेला. म्हणूनच रस्ता मध्ये उंच आणि कडांना उतरता करतात; मीटरभर रुंदीला अडीच-तीन सेंटिमीटर उतार पुरतो. पण कडेची माती रस्त्याहून उंच राहिली, की तो उतार असून नसल्यासारखा.

याहून वाईट गोष्ट थरांची. जुना रस्ता न उकरता त्यावर नवा थर, चार-पाच वर्षांनी आणखी एक. मी अशी घरे पाहिली आहेत, ज्यांचे जोते एके काळी रस्त्याहून दोन पायऱ्या वर होते. आता घरात जायला एक पायरी उतरावी लागते. आषाढात रस्त्याचे पाणी तिथे पाहुण्यासारखे उंबऱ्यापाशी थांबत नाही, थेट धान्याच्या कणगीपर्यंत जाते. त्या घरच्या बाईला कुणी विचारले आहे का, विकास किती इंच वर आला म्हणून?

कुणी म्हणेल, गटाराला पैसा कुठून आणायचा? अहो, तोच रस्ता तिसऱ्यांदा करायला जिथून आणता, तिथून! १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने रस्ते आणि गटारे पंचायतीच्या कामांत शेजारी शेजारी बसवली आहेत. त्यातले एकच पोर लाडके का, याचे एक कारण मला दिसते: रस्त्याची फीत कापता येते. गटाराची फीत कापलेली माझ्या तरी पाहण्यात नाही.

आणि दोष सगळा वर ढकलण्यातही अर्थ नाही. मोटारसायकल ओट्यावर चढवण्यासाठी गटारावर काँक्रीटचा उतार ओतणारे आपल्यातलेच. मोरीच्या तोंडाशी विटांचा ढीग रचणारे आपल्यातलेच. अशा शेजाऱ्याला टोकले तर वैर येते, हे खरे. येवो.

आता पाऊस ओसरला. दिवाळीचा फराळ संपला की रस्त्यांची कामे निघतील. ग्रामसभेत रस्त्याचे अंदाजपत्रक आले तर वाचकहो, एकूण रकमेकडे नंतर पाहा. गटार कितव्या ओळीत आहे ते आधी विचारा. नवा थर टाकण्याआधी जुना उकरणार की नाही, ते विचारा. आणि गटाराचे शेवटचे टोक कोणत्या ओढ्याला मिळते, ते साहेबांना बोटाने नकाशावर दाखवायला लावा. बोट शेतातच किंवा कुणाच्या परसातच थांबले, तर सही करू नका.