पंख आपले, इंजिन परक्याचे

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे हवाई दलाने मिग-२१ विमानांना अखेरचा निरोप दिला. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर रोजी, नाशिकजवळच्या ओझर कारखान्यात बांधलेले पहिले तेजस मार्क १-ए विमान आकाशात झेपावले. दोन्ही समारंभ थाटात झाले आणि आत्मनिर्भरतेचा जयघोषही यथासांग झाला. ज्या कारखान्याने साडेसहाशेंच्या आसपास मिग-२१ विमाने बांधली, त्याच कारखान्यातून भारतीय अभियंत्यांनी आखलेले विमान बाहेर पडावे, ही अभिमानाची गोष्ट आहे. ओझरच्या कामगारांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु जयघोष ओसरल्यावर एक साधा प्रश्न विचारणे आमचे कर्तव्य ठरते : या विमानाचे इंजिन कोणाचे?

ते अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे आहे. मिगच्या इंजिनाचा आराखडा सोव्हिएत होता. पण ते इंजिन ओडिशातील कोरापुट येथे आपल्याच कामगारांच्या हातून घडत होते. तेजसचे इंजिन मात्र तयार होऊन साता समुद्रांपलीकडून येते. अशा ९९ इंजिनांचा करार २०२१ साली झाला आणि त्यांतील पहिले इंजिन मार्च २०२५ मध्ये हाती पडले. तोवर बांधलेली विमाने इंजिनाची वाट पाहत उभी होती. म्हणजे या एका बाबतीत साठ वर्षांत आपण पुढे तर गेलो नाहीच, उलट एक पाऊल मागे आलो.

असे का व्हावे? आपल्याकडे बुद्धीचा दुष्काळ होता म्हणून नव्हे. जर्मनीतील गॉटिंगेन येथे प्रांड्टल यांच्या हाताखाली शिकून आलेल्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी बंगळूरच्या कारखान्यात एचटी-२ हे शिकाऊ विमान आखले आणि ते १९५१ साली उडाले. वालचंद हिराचंद यांनी १९४० साली सुरू केलेला आणि पुढे सरकारच्या मालकीचा झालेला तो कारखाना. १९५६ साली जर्मन अभियंते कुर्ट टँक तेथे आले आणि भारतीय अभियंत्यांच्या साथीने त्यांनी ‘मरुत’ हे लढाऊ विमान आखले. जून १९६१ मध्ये सुरंजन दास यांनी ते प्रथम उडविले. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाने एका दशकात एवढी मजल मारावी, याचे जगालाही नवल वाटले.

मरुतचा सांगाडा ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या जवळ जाण्याच्या हिशेबाने आखलेला होता. त्यासाठी योजलेले ऑर्फियस १२ हे शक्तिशाली इंजिन ब्रिटनमध्ये तयार होत होते. पाश्चात्त्य राष्ट्रांना त्याची गरज उरली नाही, तेव्हा उरलेल्या विकासाचा खर्च भारताने सोसावा, असे कंपनीने सुचविले. सरकारने नकार दिला. मग जुन्याच, कमी ताकदीच्या ऑर्फियस इंजिनांवर मरुतची बोळवण झाली. इजिप्तमध्ये तयार होत असलेल्या इंजिनाची आशा काही काळ धरली गेली. १९६७ च्या युद्धानंतर तीही मावळली. मूळच्या इंजिनाची शक्ती वाढविण्याच्या प्रयत्नांत, १० जानेवारी १९७० रोजी, सुरंजन दास यांचाच बळी गेला. १९७१ च्या युद्धात राजस्थान आघाडीवर मरुतने चोख कामगिरी बजावली. तरीही १४७ विमानांनंतर उत्पादन थांबले. मरुत अयशस्वी ठरले, असे आजही सांगितले जाते. आमच्या मते विमान नापास झाले नाही. इंजिनासाठी पैसा नाकारणारे धोरण नापास झाले.

याच काळात, १९६२ साली, मिग-२१ चा करार झाला. त्यातून ओझर, कोरापुट आणि हैदराबाद येथे कारखाने उभे राहिले व हजारो हातांना कौशल्याचे काम मिळाले. पाश्चात्त्य राष्ट्रे अटी घालीत असताना मिळालेल्या या साहाय्याचे मोल आम्ही कधीही कमी लेखणार नाही. परंतु परवान्याने मिळतो तो नकाशा. अमुक माप अमुकच का, याचे उत्तर त्यासोबत मिळत नाही. नकाशा मिळताच उत्तर शोधण्याची निकड संपली. कारखाना सार्वजनिक क्षेत्रात आहे एवढ्यावर समाधान मानून, त्यातील ज्ञान कोणाच्या मालकीचे आहे हा प्रश्न डाव्या चळवळीनेही पुरेशा जोराने विचारला नाही, हे आपण प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

जेट इंजिन ही अवघड वस्तू आहे, यात वाद नाही. टर्बाइनच्या पात्यांवर येणारा वायू इतका तप्त असतो की त्या तापमानाला पात्यांचा धातूही वितळून जावा. पाती निकेलच्या मिश्रधातूच्या एकाच स्फटिकातून ओतलेली असतात, त्यांच्या पोटातून बारीक वाटांनी तुलनेने थंड हवा खेळविलेली असते आणि वर उष्णतारोधक लेप असतो, म्हणूनच ती टिकतात. ही विद्या कोणी विकत नाही. ती भट्टीपाशी, चाचणीच्या मंचावर, दहा वेळा फसून अकराव्यांदा साधावी लागते. त्यासाठी पैसा लागतो. आणि पैशापेक्षाही अधिक, धीर लागतो.

१९८९ साली ‘कावेरी’ इंजिनाला मंजुरी मिळाली ती ३८३ कोटी रुपयांची. उंचावरील विरळ हवेतील चाचणीची सोय देशात नव्हती. इंजिन त्यासाठी रशियात न्यावे लागले. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले, तेव्हा परावलंबनाची किंमत पुन्हा दिसली. अपेक्षित शक्ती गाठता आली नाही, म्हणून २००८ साली कावेरीला तेजसपासून वेगळे करण्यात आले. या प्रकल्पावर एकूण सुमारे दोन हजार कोटी रुपये खर्च झाले आणि त्यावरून बरीच ओरड झाली. आता नोव्हेंबर २०२५ मध्ये आणखी ११३ अमेरिकी इंजिनांचा करार झाला. त्याची किंमत एक अब्ज डॉलरच्या घरात, म्हणजे आठ हजार कोटी रुपयांहून अधिक, असल्याचे प्रसिद्ध झाले आहे. त्यावर मात्र उधळपट्टीची ओरड कोणी केली नाही! घरच्या प्रयोगाचा खर्च डोळ्यांत सलतो, बाजारातून आणलेल्या मालाचे बिल मुकाट्याने चुकते केले जाते.

धीर धरला तर काय होते, याचाही दाखला घरातच आहे. अमेरिकी दडपणामुळे १९९३ साली रशियाने क्रायोजेनिक इंजिनाचे तंत्रज्ञान देण्याचे नाकारले. आपल्या अवकाश संशोधकांनी ते स्वतः घडविण्याचे ठरविले. एप्रिल २०१० मधील पहिले उड्डाण फसले. पण काम बंद पडले नाही. ५ जानेवारी २०१४ रोजी तेच इंजिन यशस्वी झाले. एका ठिकाणी बाजार बंद झाला आणि विद्या हाती आली. दुसरीकडे बाजार सतत खुला राहिला आणि विद्या दारातच थांबली.

लढाऊ विमानाच्या इंजिनाची चिंता समाजवाद्यांनी का वाहावी, असे आमचे काही मित्र विचारतील. शस्त्रस्पर्धेचे आम्ही समर्थक नाही. परंतु ज्या देशाची विमाने परक्यांच्या सुट्या भागांवर उडतात, त्या देशाचे परराष्ट्र धोरणही तेवढ्याच अंतरापर्यंत स्वतंत्र राहते. शिवाय ही विद्या केवळ युद्धाची नव्हे. प्रवासी विमान आणि वायूवर चालणारे वीजकेंद्र यांच्या मुळाशीही तीच टर्बाइन असते. २०२३ साली आपल्या दोन विमान कंपन्यांनी मिळून ९७० विमानांची मागणी परदेशांत नोंदविली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात मुंबईची गो फर्स्ट ही कंपनी बंद पडली. परदेशी इंजिने नादुरुस्त झाली व बदली मिळाली नाहीत, हे कारण तिने पुढे केले. कारण पूर्ण खरे असो वा नसो, रोजगार गेला तो कर्मचाऱ्यांचा.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. आता परदेशी भागीदारासह नवे इंजिन घडविण्याची बोलणी चालू आहेत. पात्यांच्या ओतकामापासून आराखड्याच्या हक्कापर्यंतचे ज्ञान सार्वजनिक क्षेत्राच्या हाती येणार की पुन्हा नकाशाच येणार, हे करारापूर्वी संसदेसमोर मांडले जावे. चाचणीची सर्व साधने देशात उभारावीत आणि संशोधनाला वीस वर्षांच्या निधीची हमी द्यावी. ज्यांच्या बोटांत हे कौशल्य आहे, त्या बंगळूर, नाशिक, कोरापुटच्या कामगारांना २०१९ साली वेतनासाठी संपावर जावे लागले होते; त्यांना कायम नोकरी आणि प्रशिक्षण मिळाले पाहिजे. कौशल्य कंत्राटावर मिळत नाही, ते पिढ्यांतून साठते.

मरुतच्या वेळी थोडा खर्च वाचविला गेला. त्या बचतीचे व्याज देश अजून फेडीत आहे. तीच काटकसर पुन्हा करणे या देशाला परवडणारे नाही.