९९९९ खेळांचा हिशेब

‘९९९९ इन १’ असे ठळक छापलेल्या ब्रिक गेम या हातात धरून खेळायच्या यंत्रात खरे खेळ मूठभरच असतात. पडत्या विटा, साप, मोटारशर्यत, रणगाडे, रस्ता ओलांडणारा बेडूक. यादी इथेच आटोपू लागते. उरलेला आकडा त्याच खेळांचा वेग आणि पातळी बदलून फुगवलेला. ‘एवढ्याशा पैशांत एवढे खेळ’ हा मागील अंकातील, ब्रिक गेमची वाखाणणी करणाऱ्या पत्राचा हिशेब त्यामुळे टिकत नाही.

खरी अडचण पडद्याची. आडवे १० आणि उभे २० चौकोन, एवढ्यात सगळे भागवायचे. मग मोटार आणि रणगाडा यांत फरक उरतो दोन-तीन ठिपक्यांचा. पडद्यामागे उजेड नसल्याने रात्री वीज गेली की खेळही थांबतो. सेल बदलले की कमावलेले विक्रमी गुण सहसा पुसले जातात. रबरी बटणे तर काही महिन्यांत रुसतात आणि मोटार डावीकडे घ्यायला अंगठा रुतवावा लागतो.

पत्रात वाखाणलेली गोडी मुळात पडत्या विटांची, म्हणजे टेट्रिसची आहे. तो खेळ अलेक्सी पाजितनोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत रचला आणि १९८९ मध्ये निन्टेंडोच्या गेम बॉयवरून तो घरोघरी पोचला.