देशी की विलायती? घरातल्या एका दुर्लक्षित निर्णयाविषयी

घर बांधावयास काढले की आपल्याकडे देवघर कोणत्या दिशेला असावे यावर आठ दिवस चर्चा चालते. स्वयंपाकघराचा ओटा किती उंच असावा, बैठकीच्या खोलीची फरशी कोणत्या रंगाची असावी, यासाठी नातेवाइकांची मते घेतली जातात. संडासाचा निर्णय मात्र टाइल्सच्या दुकानात, जेवणाची वेळ टळत असताना, दहा मिनिटांत उरकला जातो. दुकानदार विचारतो, "इंडियन की वेस्टर्न?" आणि घरातला कर्ता पुरुष उत्तर देऊन मोकळा होतो. ते उत्तर पुढची पंचवीस-तीस वर्षे घरातील प्रत्येकाला दररोज वापरावे लागते, याचे भान त्या वेळी कोणालाच नसते.

मीही असेच उत्तर दिले होते. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला, त्याच वर्षी गोंदियात आमचे घर उभे राहत होते. स्वदेशीचा विचार मनात अगदी ताजा होता. दंतमंजनापासून अंगाच्या साबणापर्यंत प्रत्येक वस्तू पारखून घ्यायची, असा नियम आम्ही घरात केला होता. त्या भरात कमोड ही वस्तूही मी विलायती म्हणून बाद केली. घरात दोन संडास झाले, दोन्ही देशी. पत्नीने एकदा दबक्या आवाजात विचारले होते, "आईंच्या गुडघ्यांचे काय?" मी म्हणालो, "आईने सारे आयुष्य धानाची रोवणी केली आहे. तिला उकिडवे बसण्याची कसली अडचण?"

रोवणीने गुडघे बळकट होत नाहीत, झिजतात, हे कळावयास मला दहा वर्षे लागली. त्या काळात आमच्या संडासातील नळ दोनदा भिंतीतून उखडला. दोन्ही वेळा मी प्लंबरला दोष दिला. मग एका उन्हाळ्यात आईला मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, तापाने ती फणफणली. डॉक्टरांनी तिला विचारले, "आजी, पाणी किती पिता?" तिने उत्तर टाळले. खोदून विचारल्यावर म्हणाली, "दुपारनंतर पाणी पीतच नाही. रात्री उठावे लागते, आणि तिथे बसले की उठवत नाही." नळ का उखडत होता, ते तेव्हा मला समजले. त्या नळाला धरून, सारे वजन त्यावर टाकून, आई दररोज उठत होती. वैशाखातल्या गोंदियात, जिथे माणसे सावलीतही घामाने निथळतात, माझ्या घरातली वृद्ध स्त्री तहान मारून राहत होती. आणि मी स्वदेशीवर बोलत होतो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायाचे नावच 'नवेगान्धारणीय' असे आहे. मलमूत्रादी नैसर्गिक वेग अडवून धरू नयेत, हा त्याचा विषय. देशी भांडे बसवून मी जी परंपरा सांभाळली असे मला वाटत होते, तिच्यातीलच एका मूलभूत आरोग्यनियमाचा भंग माझ्या आईला रोज करावा लागत होता.

यावरून कमोडच श्रेष्ठ, असा निष्कर्ष कोणी काढू नये. मी तो काढलेला नाही. उकिडवे बसणे ही मलविसर्जनाची शरीराला अनुकूल अशी स्थिती आहे, हे आता केवळ आपण म्हणत नाही. मलाशयाच्या शेवटी एक स्नायू फासासारखा वेढा घालून असतो. आपण उभे असताना किंवा खुर्चीवर बसलेलो असताना तो मार्ग वाकवून धरतो. मांड्या पोटाकडे आल्या की हा फास सैल पडतो, मार्ग बराचसा सरळ होतो आणि कुंथावे लागत नाही. इस्रायलमधील डॉ. डोव्ह सिकिरोव्ह यांनी २००३ मध्ये २८ निरोगी व्यक्तींवर केलेल्या पाहणीत उकिडवे बसून पोट साफ होण्यास सरासरी ५१ सेकंद लागले, तर उंच कमोडवर १३० सेकंद. पाहणी लहान आहे, हे मान्य. पण बद्धकोष्ठ किंवा मूळव्याध असणाऱ्याने तिचा विचार अवश्य करावा. अमेरिकेत आता कमोडसमोर पायाखाली घ्यावयाची चौरंगासारखी बैठक विकली जाते आणि लोक ती कौतुकाने घेतात. ज्यांच्या घरी कमोड आहे त्यांनी सात-आठ इंच उंचीचा साधा लाकडी पाट पायाखाली घेतला तरी तेच काम होते.

थोडक्यात, गुडघे आणि खुबे शाबूत असलेल्या माणसाला देशी भांडे उत्तम. ज्याचे नाहीत त्याला ते शिक्षा. आणि हे केवळ म्हातारपणाचे नाही. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. या आजारात खुब्याच्या सांध्याचा रक्तपुरवठा खंडित होऊन ऐन तारुण्यात सांधा निकामी होऊ शकतो. अशा विशीतल्या मुलाला उकिडवे बसावयास सांगणे क्रूरपणाचे आहे. गुडघ्याचा सांधा बदललेल्यांनाही डॉक्टर सहसा तसे बसू देत नाहीत. दुसऱ्या बाजूला, लहानपणापासून केवळ कमोडच वापरलेली मुले आता शिबिराला आली की पहिल्या सकाळीच कावरीबावरी होतात. टाचा टेकवून खाली बसणेच त्यांना जमत नाही. वसतिगृहात, आगगाडीत, खेड्यातल्या कार्यकर्त्याच्या घरी ती अडतात. ही सवय लहान वयात शरीराला असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पण त्यासाठी आजीला वेठीस धरण्याचे कारण नाही.

देशी आणि विलायती ही नावेच दिशाभूल करणारी आहेत. फ्रान्समध्ये उकिडवे बसण्याच्या संडासाला 'तुर्की' म्हणतात. जपानमध्ये परंपरेने उकिडवेच बसत. पुढे त्यांनी बैठकीची पद्धत घेतली, पण घेताना ती आपली करून घेतली. १९८० मध्ये तेथील टोटो कंपनीने पाण्याच्या फवाऱ्याने स्वच्छता करणारी बैठक बाजारात आणली आणि आज ती जपानी घराची ओळख झाली आहे. बाहेरची वस्तू घ्यावी की नाही, यापेक्षा ती कशी घ्यावी हे जपानकडून शिकण्यासारखे आहे. आपल्याकडे कमोड आला तो प्रतिष्ठेचा भाग म्हणून. पाहुण्यांना दिसेल अशा बाथरूममध्ये तो बसतो; घरातली म्हातारी माणसे मागच्या बाजूच्या देशी संडासात जात राहतात. हे दृश्य मी अनेक सुशिक्षित घरांत पाहिले आहे. माझी चूक आणि ही चूक यांत फरक इतकाच की माझी अभिमानातून झाली होती.

कमोडवरचा आईचा आक्षेप मात्र वेगळाच निघाला. "दहा जण उघड्या अंगाने जिथे बसतात, तिथे मी बसणार नाही," असे तिने निक्षून सांगितले. आधी मला हा सोवळ्याचा हट्ट वाटला. विचार केल्यावर त्यातले तथ्य पटले. देशी भांड्याला शरीराचा स्पर्श होत नाही. सार्वजनिक ठिकाणी हाच त्याचा मोठा गुण आहे. मग आम्ही गावातल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी चौकटीची, मध्ये मोकळी बैठक असलेली खुर्ची करून घेतली. पायांना रबराच्या टोप्या, दोन्ही बाजूंना धरावयास हात. ती देशी भांड्यावर ठेवायची, काम झाले की उचलून बाजूला. ती फक्त आईची. भांडे फोडावे लागले नाही, फरशी उखडावी लागली नाही. आठवड्याच्या आत आई रात्रीचे पाणी पिऊ लागली.

आता पाण्याविषयी. गोंदिया म्हणजे तलावांचा जिल्हा; मालगुजारी तलावांनी येथील धान पिकवले. तरीही उन्हाळ्यात शहराच्या नळांना पाणी पुरवताना वैनगंगेची काय अवस्था होते, हे आपण जाणतो. जुन्या पद्धतीच्या फ्लशच्या टाकीतून एका वेळी दहा लिटर पाणी जाते. पाच माणसांनी दिवसातून प्रत्येकी पाच वेळा टाकी ओढली तर अडीचशे लिटर झाले. तीन आणि सहा लिटरच्या दुहेरी टाकीने हेच काम नव्वद लिटरमध्ये होते. तीव्र उताराचे भांडे असेल तर दीड-दोन लिटरच्या एका तांब्यात मैला निघून जातो. म्हणजे दिवसाला पन्नास लिटरसुद्धा लागत नाहीत. ज्या घरी नळ एक दिवसाआड येतो, तेथे केवळ गुडघ्यांचा नव्हे, पाण्याचाही हिशेब आधी मांडावा. कमोड घ्यायचाच तर दुहेरी टाकीचाच घ्यावा, आणि मैल्याचा पाइप जमिनीतून जातो की भिंतीतून, हे खरेदीपूर्वी मिस्त्रीला विचारावे. अन्यथा दुकानात आवडलेला कमोड घरी आणून परत न्यावा लागतो.

पण भांड्यापेक्षाही महत्त्वाचा आहे तो भांड्याखालचा खड्डा. त्याविषयी दुकानात कोणी विचारत नाही. आपल्याकडे सेप्टिक टँक बांधतात, त्याचे पाणी शोषखड्ड्यात सोडण्याऐवजी घरासमोरच्या नालीत सोडतात आणि वरून चकचकीत कमोड बसवून स्वच्छतेचे समाधान मानतात. पाण्यात, नांगरलेल्या शेतात, गोठ्यात मलविसर्जन करू नये, असा निर्बंध मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात आहे. आपण मात्र ते पाइप टाकून करतो.

महाराष्ट्रात या विषयाला ज्यांनी आयुष्य वाहिले ते अप्पा पटवर्धन आज विस्मृतीत गेले आहेत. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात, मैला साफ करण्याचे काम आपल्यालाही मिळावे म्हणून त्यांनी आग्रह धरला. ते काम ठरावीक जातींच्या कैद्यांनाच देण्याची रीत होती. अप्पांनी त्यासाठी अन्नत्याग केला आणि येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास आरंभला. पुढे कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात अप्पांनी कमी पाण्यात चालणारे, मैल्याचे सोनखत करणारे संडास घडवले. मैला वाहून नेणारा माणूसच लागू नये, असा संडास त्यांना हवा होता. तुकोबांच्या देहूत डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर १९५९ मध्ये वैद्यकीय अधिकारी म्हणून आले आणि घरोघरी संडास व मैल्यावरचे गोबरगॅस संयंत्र हेच त्यांचे जीवितकार्य झाले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. बिहारमध्ये बिंदेश्वर पाठक यांनी १९७० पासून दोन खड्ड्यांच्या संडासाचा प्रसार केला. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करायचा; पहिल्यातील मैल्याचे दीड-दोन वर्षांत कोरडे, निर्गंध खत होते आणि ते घरचा माणूस स्वतः काढू शकतो. २०१४ मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानात खेड्यापाड्यांत बारा हजार रुपयांच्या साहाय्याने जे संडास झाले, त्यांतही याच पद्धतीचा आग्रह होता.

या मंडळींनी पुसलेला प्रश्न आपल्या घराला लागू आहे : खाली साठलेले उपसणार कोण? सुरक्षासाधनांवाचून माणसाला सेप्टिक टँकमध्ये उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरीही वर्तमानपत्रांत टँकमध्ये गुदमरून गेलेल्यांच्या बातम्या येतच राहतात. समरसतेवर भाषण करणाऱ्याने आपल्या टँकचे झाकण यंत्राची नळी जाईल अशा जागी आहे ना, एवढे तरी पाहावे. अनेक घरांत त्यावर फरशी बसवून टाकलेली असते. आवारात जागा आणि जमीन पाणी जिरवणारी असेल तर दोन खड्ड्यांचा संडास आजही उत्तम. मात्र बांधीला लागून घर असेल आणि पावसाळ्यात भूजल वर येत असेल, तर खड्डा विहिरीपासून वा बोअरपासून पुरेसा दूर हवा आणि जाणत्याला विचारूनच घ्यावा.

देशी व विलायती दोन्ही पद्धतीने वापरता येतो म्हणून जो अँग्लो-इंडियन कमोड विकला जातो, त्याच्या वाटेला जाऊ नये असे मी सुचवीन. दोन्हींचे दोष त्यात एकत्र आले आहेत. उंचावर चढून ओल्या चिनीमातीवर उकिडवे बसणे हा पडण्याचा राजमार्ग आहे. दोन संडास करता येत असतील तर एक देशी, एक कमोड. आणि कमोड तळमजल्यावर, वृद्धांच्या खोलीला लागून. एकच शक्य असेल तर देशी भांडे, त्यावर ठेवावयाची खुर्ची आणि भिंतीत पक्का बसवलेला दांडा.

आई आता नाही. मी सत्तरीच्या उंबरठ्यावर आहे, आणि जिना उतरताना माझा उजवा गुडघा वाजतो. गेल्या महिन्यात खालच्या खोलीला लागून नवे बाथरूम काढले. कमोड बसवला, समोर पाट ठेवला, दोन्ही बाजूंना दांडे लावले. मागचा देशी संडास नातवंडांसाठी तसाच राखला आहे. मिस्त्रीला एकच गोष्ट दोनदा सांगावी लागली : बाथरूमचे दार बाहेर उघडले पाहिजे आणि कडी बाहेरूनही काढता आली पाहिजे. तो म्हणाला, "काकाजी, दार तर सगळे आतच उघडतात." मी म्हणालो, "आत पडलेला माणूस दाराला टेकला, तर तू कसा शिरशील?" त्याने क्षणभर विचार केला, आणि चौकटीच्या बिजागऱ्या काढून दुसऱ्या बाजूने ठोकावयास घेतल्या.