वेगाचा उत्सव आणि दानाचा हिशेब

अमेरिकेच्या मिसुरी राज्यातील लेक ऑफ दि ओझार्क्स या विस्तीर्ण जलाशयावर दरवर्षी ऑगस्टच्या अखेरीस वेगवान यांत्रिक नौकांचा एक प्रचंड मेळावा भरतो. १९८८ साली सुरू झालेल्या या मेळाव्याचे नाव ‘शूटआउट’. नौका एकामागून एक ठरावीक अंतर धावतात, प्रत्येकीचा सर्वोच्च वेग मोजला जातो आणि जमलेला प्रेक्षकवर्ग जल्लोष करतो. २०१४ साली कतारच्या एका नौकेने येथे ताशी २४४ मैलांचा, म्हणजे सुमारे ३९३ किलोमीटरांचा वेग गाठला. हा सारा सोहळा धर्मादाय आहे! जमलेला निधी परिसरातील सेवाभावी संस्थांना आणि अग्निशमन व बचाव पथकांना वाटला जातो.

मेळाव्यात भाग घेणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यासाठी राबणाऱ्या स्वयंसेवकांची तळमळही खरी आहे. परंतु समाजव्यवस्थेचे मूल्यमापन व्यक्तींच्या हेतूंवरून होत नसते. गरिबाच्या घराला आग लागली असता ती विझवणारा बंब सज्ज असणे हा त्याचा हक्क आहे, की धनिकाच्या हौसेतून सांडलेला प्रसाद? मूळ प्रश्न एवढाच आहे.

अग्निशमन ही सार्वजनिक सेवा का मानली जाते, याचे उत्तर अर्थशास्त्राच्या प्राथमिक पाठात सापडते. एका घराची आग शेजारच्या घराला विचारून पसरत नाही. म्हणून तिच्यापासूनचे संरक्षण सर्वांनी मिळून, ऐपतीप्रमाणे कर देऊन उभारायचे असते. तेथील अग्निशमन मंडळे स्थानिक मालमत्ता कर आकारतात, ते याच तत्त्वाने. कर अपुरा पडला तर तो वाढवायचा की देणगीचा कटोरा पुढे करायचा, हा राजकीय निर्णय आहे. दान हे स्वभावतः चंचल असते. मंदी आली की दात्याचा हात आखडतो आणि नेमकी त्याच वेळी गरजूंची रांग लांबते. शिवाय दानाचा ओघ जेथे टाळ्या वाजतात तेथेच वळतो.

या दानात सरकारी तिजोरीचाही वाटा आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. अमेरिकेच्या आयकर कायद्यात देणग्यांना १९१७ पासून सवलत आहे. प्रवेशशुल्काच्या मोबदल्यात जे भोजन-मनोरंजन मिळाले त्याचे मूल्य वगळावे लागते, हे खरे; परंतु उरलेल्या रकमेवर सवलत घेणाऱ्यात ज्याचा कराचा दर वरचा, त्याची डॉलरमागे बचतही अधिक. म्हणजे दानाचा काही भाग सार्वजनिक महसुलातून येतो, तो कोठे खर्चावा हे मात्र देणारा एकटा ठरवतो आणि दातृत्वाचे श्रेय संपूर्णपणे त्याच्याच पदरात पडते!

ज्या पाण्यावर हा उत्सव चालतो ते तरी कोणाचे? हा निसर्गनिर्मित तलाव नव्हे. सरकारी परवान्याच्या बळावर युनियन इलेक्ट्रिक या खाजगी वीज कंपनीने ओसेज नदीवर बॅगनेल धरण बांधले आणि १९३१ साली हा जलाशय निर्माण झाला. सुमारे ५४ हजार एकर भूमी पाण्याखाली गेली; लिन क्रीक हे जुने गाव बुडाले. मुळशीचा इतिहास जाणणाऱ्या मराठी वाचकाला ही कथा परकी वाटणार नाही. पुढे या जलाशयाच्या सुमारे १,१५० मैलांच्या काठापैकी बहुतांश भाग खाजगी मालकीचा झाला. नदी सर्वांची, विस्थापन गावकऱ्यांचे, काठ पैसेवाल्यांचा. त्या काठावरून उधळलेल्या चार नाण्यांना परोपकार म्हणावयाचे!

त्याच पाण्याची आणखी एक कहाणी आहे. २००९ च्या मे महिन्यात घेतलेल्या नमुन्यांत ई. कोलाय जिवाणूंचे प्रमाण अधिक आढळले. हे जिवाणू म्हणजे पाण्यात विष्ठा मिसळल्याची खूण. राज्याच्या नैसर्गिक साधनसंपत्ती विभागाने तो अहवाल जवळजवळ महिनाभर जाहीर केला नाही आणि त्यावरून पुढे मोठे वादळ उठले. सांडपाण्याची सामूहिक व्यवस्था, पाण्याची नियमित तपासणी आणि तिचे निष्कर्ष तत्काळ जाहीर करण्याचे बंधन ही कामे कोणत्याही मेळाव्यातून होणारी नव्हेत. मैला वाहून नेणाऱ्या नळावर कोणी दाता आपले नाव कोरून घेत नाही.

‘मेळावे नसते तर एवढा पैसाही आला नसता,’ असा युक्तिवाद हमखास केला जातो. तो अर्धसत्य आहे. मेळावे बंद करा असे येथे कोणी म्हणत नाही. ज्यांना वेगाची हौस आहे त्यांनी ती अवश्य भागवावी. पण नौकेच्या अश्वशक्तीबरोबर चढत जाणारा कर आणि काठावरच्या आलिशान मालमत्तेवर ऐपतीप्रमाणे आकारणी या मार्गांनी हाच पैसा, प्रत्येक वर्षी, मंदीतसुद्धा आणता येतो. तो कसा खर्च झाला याचा जाब मतदार विचारू शकतो. दात्याला तो कोण विचारणार?

हौसेला हौस म्हणावे आणि कराला कर. हौसेवर दानाचा मुलामा चढला की कराची मागणी कृतघ्नपणाची वाटू लागते, आणि धनिकवर्गाला नेमके तेच हवे असते. ज्या समाजाला आपले बंब सज्ज ठेवण्यासाठी शर्यतींची वाट पाहावी लागते, तो कितीही श्रीमंत असला तरी सुसंस्कृत म्हणता येणार नाही.