सही करण्याआधी



कापूस मोजताना आपली नजर काट्यावरून हलत नाही. शाळेच्या प्रोसिडिंग बुकावर मात्र आपण धुऱ्यावर उभ्या उभ्या सही करतो, न झालेल्या सभेची!

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक ठेवले. निम्म्या जागा महिलांच्या. शाळेचा विकास आराखडा करणे, अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे ही समितीची कामे. हा अधिकार कोणी हिसकावला नाही, आपणच सहीसोबत तो देऊन टाकतो.

वेचणीच्या दिवसांत दुपारच्या सभेला कोण जाणार? सभा संध्याकाळी लावायला सांगा. जमाखर्च मोठ्याने वाचून घ्या. मगच सही करा. सभाच झाली नसेल, तर सही नाही.