स्वागताची कसोटी

फ्रान्सच्या बरगंडी प्रांतात तेझे नावाचे लहानसे खेडे आहे. उन्हाळ्यात तेथील टेकडीवर दर आठवड्याला हजारो ख्रिस्ती युवक-युवती निवासाला येतात. रविवारी यावे आणि पुढच्या रविवारी परतावे, असा क्रम. ज्या युरोपात चर्चमधील उपस्थिती रोडावली, तेथे तरुणांचा हा ओघ टिकावा, हे विचार करण्याजोगे आहे. त्याचे उत्तर पुष्कळ अंशी तेथील स्वागताच्या रीतीत सापडते.

या स्थानाचा उगमच आतिथ्यातून झाला. १९४० साली रोजे शुट्झ हा पंचवीस वर्षांचा स्विस तरुण येथे आला आणि युद्धाच्या धामधुमीत त्याने निर्वासितांना, त्यांत ज्यूंनाही, आसरा दिला. १९४९ मध्ये पहिल्या सात बांधवांनी ब्रह्मचर्य, साधेपणा व सहजीवन यांचे आजन्म व्रत घेतले. तेथील प्रार्थनामंदिर १९६२ मध्ये उभे राहिले, ते युद्धाच्या पापाचे परिमार्जन म्हणून जर्मन तरुणांनी केलेल्या श्रमांतून.

येणाऱ्याला येथे मिळतो तो तंबू किंवा सामायिक खोली, साधे जेवण आणि काम. कोणी स्वयंपाकाला हातभार लावतो, कोणी भांडी घासतो, कोणी स्वच्छतागृहे धुतो. दिवसातून तीनदा घंटा होते, सारे प्रार्थनेला जमतात आणि काही मिनिटे पूर्ण मौन पाळतात. पाहुण्याला आपण पाटावर बसवतो. घरच्या माणसाच्या हाती केरसुणी देतो. तरुणांना मनोरंजनाने बांधून ठेवावे लागते, हा समज येथे खोटा ठरतो. आपल्यावाचून काही अडते, ही जाणीव त्यांना अधिक हवी असते.

दुसरी गोष्ट त्याहून कठीण आहे. बांधव देणग्या स्वीकारत नाहीत. मातीची भांडी, पुस्तके अशा स्वतःच्या श्रमावर उदरनिर्वाह करतात. तरुणांना ते सभासदही करून घेत नाहीत. तेझेभोवती चळवळ उभारायची नाही. परत जाऊन आपल्या गावच्या चर्चमध्ये काम करायचे, हीच अपेक्षा. आठवड्याचा उत्साह घरी गेल्यावर ओसरतो, असा आक्षेप यावर घेता येईल, आणि तो अगदीच निराधार नाही. तथापि युवकांना संख्येसाठी बोलावणे आणि त्यांच्यासाठी दार उघडे ठेवणे यांतील अंतर येथेच स्पष्ट होते.

१६ ऑगस्ट २००५ रोजी सायंप्रार्थनेच्या वेळी ब्रदर रोजे यांची हत्या झाली. दार मात्र बंद झाले नाही. खरी परीक्षा पुढे आली. काही बांधवांनी पूर्वीच्या दशकांत अल्पवयीनांवर लैंगिक अत्याचार केल्याच्या तक्रारी तत्कालीन प्रमुख ब्रदर अलोइस यांनी जून २०१९ मध्ये स्वतः जाहीर केल्या आणि न्याययंत्रणेला कळविल्या. हे सांगण्यास दशके लागली, हा दोष लहान नाही. पण संस्थेचे नाव राखण्यासाठी मौन लांबवले असते, तर त्या टेकडीवरील प्रार्थनेच्या मौनालाही अर्थ उरला नसता.

आईबाप आपले मूल आठवडाभर परक्यांच्या हवाली करतात, तेव्हा ते विश्वासाची ठेव ठेवत असतात. कमानी, गीते आणि स्वागताची भाषणे कोणीही करू शकतो. त्या ठेवीचा हिशेब, अप्रिय असला तरी, उघडपणे देण्याची तयारी हीच यजमानाची कसोटी होय.